बांधावरचा पिवळा खांब



या आठवड्यात भाताच्या बियाण्याविषयी लिहायचे मी ठरवले होते. पण मध्येच एका पाचवीतल्या पोराने मला असा काही प्रश्न घातला की बियाणे मागे पडले. ते पुढच्या अंकी नक्की.

झाले असे. गेल्या रविवारी डोंबिवलीहून कल्याण तालुक्यातल्या एका गावी नात्यातल्या माणसांकडे गेलो होतो. गावात शिरताना रस्त्याला लागूनच भाताची खाचरे आहेत आणि त्यातल्या एका बांधावर पिवळ्या रंगाचा खांब उभा आहे. त्यावर पाटी आहे. खाली उच्च दाबाची गॅसवाहिनी आहे, खोदू नका, आणि खाली एक फोन नंबर. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावात असे खांब असतील. शेजारच्या घरातला मुलगा माझ्याबरोबर चालत होता. त्याने विचारले, "काका, हा गॅस येतो कुठून?"

मी म्हटले, "समुद्रातून."

"मग समुद्रात कसा गेला?"

बीएस्सी अॅग्रीची पदवी आणि तीस वर्षांची नोकरी पाठीशी असूनही मला त्याला दोन वाक्यांत सांगता येईना. गड-किल्ल्यांच्या पायथ्याशी आपण इतिहासाच्या पाट्या लावतो, तशी या खांबापाशी कोणी लावलेली नाही. शिवाय या खांबाशी माझे स्वतःचे एक जुने देणे आहे. त्याबद्दल शेवटी सांगेन. आधी पोराच्या प्रश्नाचे उत्तर.

आपल्या ठाणे जिल्ह्यात कुठेही विहीर खणा, काळा पाषाणच लागतो. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात चुनखडी नाही. म्हणून तर आपले आजे-पणजे घर सारवायला, विड्याला आणि चिरेबंदी बांधकामाला चुना लागला की खाडीतले शिंपले गोळा करून भाजत. पार विदर्भात वणी-चंद्रपूरकडे चुनखडीचा दगड मिळतो, तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. आपल्या नशिबी शिंपलेच.

पण तीच चुनखडी मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली थरांनी पडून आहे. पाषाण थंड झाल्यावर पुष्कळ काळाने तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात चुन्याची कवचे असलेले डोळ्यांना न दिसणारे जीव, शेवाळ आणि शिंपले यांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होती. ते मेले की कवचे तळाशी साचत. साचून, दबून त्यांचाच दगड झाला. म्हणजे आजीने भट्टीत भाजलेला शिंपला आणि हा समुद्राखालचा दगड यांची जात एकच. पुढे या दगडातला काही चुना पाण्यात विरघळून गेला आणि त्याला बारीक-बारीक भोके पडली. घरच्या भगिनींना मी असे सांगेन की आंबोळीला तव्यावर जशी जाळी पडते तशी. वरून पाहिले तर दगड टणक आणि आत सगळी जाळी.

गॅस मात्र या जाळीत तयार झाला नाही. त्याच्याही खाली चिखलाचे जुने थर आहेत, त्यांत झाडपाला आणि जीवजंतू गाडले गेले होते. गोबरगॅसच्या टाकीत शेण कुजून जो जळणारा वायू निघतो, त्याचे नाव मिथेन. टाकीत ते काम जंतू करतात, तिथे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने लाखो वर्षे घेऊन केले. वायू हलका, तेलही पाण्याहून हलके. दोन्ही वर सरकत चुनखडीच्या जाळीत शिरले. जाळीच्या वर चिकणमातीच्या घट्ट दगडाचे झाकण होते, त्याखाली अडकून राहिले. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः हाच मिथेन. तुमच्या भाताच्या खाचरात पाय टाकल्यावर चिखलातून बुडबुडे येतात ना, त्यातही तोच असतो.

हे सगळे समुद्राखाली असेल अशी शंका पहिल्यांदा साठीच्या दशकात आली. रशियन जहाजाच्या मदतीने आपल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने समुद्राच्या तळाची पाहणी केली, तेव्हा मुंबईसमोर जमिनीखाली मोठा उंचवटा आहे असे दिसले. पाण्यात उभे राहून खोदायचे यंत्र आपल्याकडे नव्हते. ते जपानमध्ये बांधून घेतले, नाव 'सागर सम्राट'. पाय खाली सोडून समुद्राच्या तळावर उभी राहणारी ती एक तरंगती माची होती. १९७४ च्या जानेवारीअखेर तिने खोदायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत तेल लागले. त्या जागेला 'बॉम्बे हाय' म्हणतात, आता 'मुंबई हाय'. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. १९७८ मध्ये समुद्राच्या तळावरून नळ टाकून तेल आणि गॅस उरणला आणला. सुमारे तेराशे मीटर खोलीवरचा चुनखडीचा थर तिथला मुख्य भांडार आहे.

इतिहासाची पाटी नाही असे मी वर म्हटले, ते पूर्ण खरे नाही. एक रुपयाची कागदी नोट कोणाच्या देव्हाऱ्यात किंवा आहेराच्या पाकिटात असेल तर तिची मागची बाजू पाहा. त्यावर समुद्रात उभी असलेली माची आहे, ती 'सागर सम्राट'च. १९९४ मध्ये या नोटा छापणे थांबले होते, २०१५ पासून पुन्हा निघाल्या, तरी चित्र तेच राहिले. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी ती नोट दाखवली. तो म्हणाला, "मला वाटायचं हा कारखाना आहे."

आणखी एक गोष्ट आपल्या अभिमानाची. मुंबई हायपाठोपाठ १९७६ मध्ये जवळच्या समुद्रात निव्वळ गॅसचा मोठा साठा सापडला, तोही चुनखडीतच. त्याला नाव दिले 'बसीन', म्हणजे आपली वसई. वसई तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली. त्या गॅसचा नळ गुजरातेत हजिऱ्याला काढला आणि तिथून मोठी वाहिनी मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशाकडे गेली. वाटेत खतांचे कारखाने उभे राहिले. पंजाब-उत्तर प्रदेशाच्या गव्हाच्या शेतात पडणाऱ्या युरियातही वसईच्या नावाच्या चुनखडीतला वायू असतो, हे तिकडच्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. आपल्याला तरी कुठे होते?

आता मुलाने न विचारलेला प्रश्न. आपल्या बांधाखालून जाणारा गॅस मुंबई हायचाच आहे का? असेल किंवा नसेल. ठाणे जिल्ह्यातून जाणारी मोठी वाहिनी २००७ मध्ये सुरू झाली, ती गुजरातमधल्या दहेजहून उरण-पनवेलकडे येते. दहेजच्या बंदरात परदेशातून, मुख्यतः कतारहून, अतिशय थंड करून द्रव केलेला गॅस जहाजाने येतो. २००४ पासून ही सोय आहे. म्हणजे ज्या उरणला समुद्रातून गॅस येतो, त्याच उरणला तो बाहेरूनही आणावा लागतो. मुंबई हायचे सर्वांत भरभराटीचे दिवस ऐंशीच्या दशकात होऊन गेले. त्यानंतर तिथला दाब आणि उत्पादन उतरत गेले. सुरुवातीच्या वर्षांत तर तेलाबरोबर वर येणारा पुष्कळसा गॅस, तो वापरायला नळ आणि कारखाने पुरेसे तयार नव्हते म्हणून, समुद्रातच पेटवून द्यावा लागला.

यावरून अमेरिकेतली एक हकिगत आठवते. तिथे इंडियाना म्हणून शेतीप्रधान राज्य आहे, मका आणि सोयाबीन पिकवणारे. त्याच्याही पोटात 'ट्रेंटन' नावाची चुनखडी आणि तिच्यात गॅस. १८७६ साली ईटन नावाच्या गावी कोळशासाठी भोक पाडत असताना सहाशे फुटांवर जमिनीतून मोठा आवाज आला आणि घाण वास सुटला. माणसे इतकी घाबरली की आपण नरकाचे छत फोडले असे काहींना वाटले. त्यांनी भोक बुजवून टाकले. दहा वर्षांनी, शेजारच्या राज्यात गॅस सापडल्यावर, तेच पुन्हा उघडले. मग सगळीकडे झुंबड उडाली. गावोगाव चौकात नुसत्या शोभेसाठी मोठमोठ्या मशाली रात्रंदिवस जळत ठेवल्या. दिवसा विझवायच्याही नाहीत, कारण गॅस फुकट आणि कधीच संपणार नाही अशी समजूत. काचेचे कारखाने फुकट गॅसच्या लोभाने आले. १८९१ मध्ये सरकारने या मशालींवर बंदी घातली, पण उशीर झाला होता. विसावे शतक उजाडून काही वर्षे होतात तोच दाब गेला, कारखाने दुसरीकडे निघून गेले. तिकडे रस्त्याकडेला इतिहासाच्या लोखंडी पाट्या उभ्या करण्याची रीत आहे, त्यांत या गॅसच्या दिवसांच्याही पाट्या आहेत. गाडीवाले थांबून वाचतात.

शोभेच्या मशाली आपण कुठे लावतो, असे तुम्ही म्हणाल. मी सांगतो कुठे. खाचरात.

युरिया कशाचा होतो ते पाहा. गॅस, वाफ आणि हवा यांपासून आधी अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया. अलिबागजवळ थळचा राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना याच उद्योगासाठी, मुंबई हायच्या गॅसवर, ऐंशीच्या दशकात उभा राहिला. 'उज्ज्वला' युरियाची गोणी तुम्ही वर्षानुवर्षे पाहिली ती याच कंपनीची. एक टन युरियाला आजच्या कारखान्यात ढोबळ मानाने सहाशे घनमीटर गॅस लागतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीला सत्तावीस. आमच्या डोंबिवलीत आता पुष्कळ घरांत नळाने गॅस येतो, आमच्याही येतो. घरात आम्ही चौघे. आमची दोन महिन्यांची चूल साधारण तेवढ्यावर चालते. सिलिंडरच्या हिशेबात सांगायचे तर एका गोणीत साधारण दीड सिलिंडरची आच भरलेली असते. गोणी तुम्हाला पावणेतीनशेच्या आत मिळते, कारण बाकीचे पैसे सरकार भरते. म्हणून ती स्वस्त वाटते.

आणि आपण काय करतो? लावणीनंतर खाचरात पाणी उभे असताना, बहुधा दुपारी, मुठीने युरिया फेकतो. काही अमोनिया होऊन वाऱ्यावर उडतो. रात्री पाऊस झाला की काही बांधावरून ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत. काही चिखलातच वायू होऊन निघून जातो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाचे तेल लावून येतो, त्याने हे थोडे मंदावते, थांबत नाही. भाताच्या मुळाला टाकलेल्या नत्रातले जेमतेम तीस-चाळीस टक्के मिळते. राहिलेला भाग म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर, दर गोणीमागे. घरातली बाई शेगडी एक मिनीट उगीच चालू राहिली तर धावत जाऊन बंद करते. तिला हा हिशेब एकदा सांगून पाहा.

यावर कोकणात तयार झालेला उपाय आहे आणि तो नवा नाही. डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री भातशेतीत तो बसवून दिला. युरिया-डीएपीच्या दाबून केलेल्या, २.७ ग्रॅम वजनाच्या गोळ्या मिळतात, त्यांना ब्रिकेट म्हणतात. लावणी दोरीने करायची, २५ आणि १५ सेंटिमीटर आलटून पालटून. म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन पडतात. लावणीच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची आणि वरून चिखल सारायचा. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोला थोड्या कमी. हेक्टरी नत्र साठ किलोच्या आसपास बसते. फेकून द्यायचे तर शिफारस शंभर किलोची आहे. ज्यांनी नीट केले त्यांना उत्पन्नात तोटा आला नाही, बहुतेकांना फायदाच झाला.

मग सगळे का करत नाहीत? मी तीस वर्षे सांगत आलो आहे, म्हणून उत्तरही मला ठाऊक आहे. दोरीने लावणी करायला वेळ जातो आणि मजुरी वाढते. सव्वासहाशे वेळा वाकून गोळी दाबायची, हे काम बहुधा बायकांच्या कमरेवर येते. कार्यालयात बसून "सोपी पद्धत" म्हणणाऱ्यांनी एक गुंठा करून पाहावे. मी केला आहे, दोन दिवस पाठ धरली होती. तेव्हा सगळ्या शेतात नको, आधी दोन-चार गुंठ्यांत करा. आणि ज्या खाचरात पाणी टिकतच नाही, रेताड आहे, तिथे करू नका. तिथे गोळीही झिरपून जाते. गोळ्यांची मागणी गटाने आताच नोंदवा, जुलैत धावपळ करून मिळत नाहीत. एक जुनीच सूचना पुन्हा: आम्ल जमिनीला चुना द्यायचा असेल तर तो युरियाबरोबर कधीही देऊ नका. चुना लागला की अमोनिया लगेच उडतो. दोन्हींत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा.

आता माझे देणे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच गावात वाहिनी टाकायचे काम निघाले, तेव्हा नात्यातल्या एका काकांना नोटीस आली. त्यांचा अठ्ठावीस गुंठ्यांचा गट, त्यातून नळ जाणार होता. काका नोटीस घेऊन माझ्याकडे आले. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात विस्तार अधिकारी होतो, गडबडीत होतो. कागद वरवर चाळला आणि म्हणालो, "काका, सरकारी काम आहे, ते काही थांबत नाही." काकांनी त्याचा अर्थ जमीन गेली असा घेतला. महिन्याभरात एक दलाल घरी आला. "तशीही सरकार घेणार आहे, थोडे तरी पैसे पदरात पाडून घ्या," म्हणाला. काकांनी पूर्ण गट मिळेल त्या भावाला देऊन टाकला. काका गेले. काकू अजून म्हणतात, "त्या पिवळ्या खांबाने आपलं शेत खाल्लं."

खांबाने खाल्ले नव्हते. पण ते काकूंना मी कोणत्या तोंडाने सांगू?

त्या कागदावर स्पष्ट लिहिले होते, मी वाचले नव्हते. गॅस आणि तेलाच्या वाहिन्यांसाठी १९६२ चा केंद्राचा कायदा आहे. त्याखाली जमीन घेतली जात नाही, फक्त तिच्यातून नळ नेण्याचा हक्क घेतला जातो. त्याला वापरहक्क म्हणतात. मालकी तुमचीच राहते. सातबारा तुमच्याच नावाने राहतो, 'इतर हक्क' या रकान्यात नोंद येते इतकेच. नळ गाडून माती ओढली की त्या पट्ट्यात पूर्वीसारखी भात, नाचणी, वाल, भाजी ही पिके घेता येतात. तीन गोष्टी करता येत नाहीत: कसलेही बांधकाम, विहीर-तळे-बंधारा खणणे आणि झाडे लावणे. आंबा-काजूची हौस त्या पट्ट्याबाहेर. शेततळे मंजूर झाले असेल तर जागा दाखवण्यापूर्वी पट्टा कुठून जातो ते पाहून घ्या. आमच्या खात्याचा माणूस "इथे खणा" म्हणाला तरी.

पहिली अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला एकवीस दिवस मिळतात. हरकत लेखी, सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची. त्या दिवसांत दलालाशी बोलू नका, ओळखीच्या वकिलाशी बोला. भरपाई दोन प्रकारची असते. काम करताना पीक, झाडे, बांध यांचे जे नुकसान होते त्याची एक, आणि शिवाय वापरहक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. काम सुरू होण्याआधी उभ्या पिकाचे, झाडांचे फोटो काढून ठेवा आणि पंचनाम्याच्या वेळी घरातले कोणीतरी हजर राहा. दहा टक्के थोडे वाटतात आणि ते थोडेच आहेत, असे माझे मत आहे. पट्ट्यात घर बांधता येत नाही म्हटल्यावर आमच्या भागात जमिनीचे मोल किती उतरते ते डोंबिवलीजवळच्या माणसाला सांगायला नको. पण शंभर टक्के गेले असे समजून विकणे, हा त्याहून कितीतरी मोठा तोटा होता.

नळ साधारण मीटरभर मातीखाली असतो. नांगरणी, चिखलणी चालते. जेसीबी लावायचा असेल, बांध फोडायचा असेल किंवा पंपाची लाइन आडवी न्यायची असेल तर आधी पाटीवरच्या नंबरवर फोन करा. पाऊस नसताना एकाच जागी सारखे जोरात बुडबुडे येत असतील, फुसफुस आवाज येत असेल किंवा हिरव्या शेतात एकच चकती कारण नसताना पिवळी पडली असेल तर लांब व्हा, विडी-काडी पेटवू नका, मोटर सुरू करू नका आणि लांब गेल्यावर फोन लावा. मोठ्या वाहिनीतल्या गॅसला घरच्या सिलिंडरसारखा वास असेलच असे नाही.

काकांच्या शेजारच्या बांधकऱ्याने त्या वेळी जमीन विकली नाही. कोणी समजावले म्हणून नव्हे, तो मुळातच हट्टी म्हणून. आजही त्या पट्ट्यावर तो पावसाळ्यात कर्जतचे भात घेतो आणि भातानंतर वाल. मला प्रश्न विचारणारा मुलगा त्याचाच नातू. रविवारी पाहिले तर घरच्यांनी त्या पिवळ्या खांबावरच दुधीचा वेल चढवला होता, दोन दुधी लोंबत होते. मी बांधावर उभा राहून तो वेल सोडवायला लावला. पानांखाली फोन नंबर झाकून गेला होता.